बगळासाहेबाची धार

इंद्रसिंग पलटणीत शिरला तो एका खेचराच्या कृपेनं. शहाद्याच्या बाजारात तो चारोळीची टोपली घेऊन बसला होता, वय असेल अठरा-एकोणीस. गावाबाहेर पलटणीचा तळ पडला होता आणि तळावरचं एक खेचर दावं तोडून बाजारात घुसलं. आधी ते वाळल्या मिरच्यांच्या ढिगातून गेलं, मग शिंकत शिंकत भांड्यांच्या दुकानातून, आणि त्याच्यामागे सहा शिपाई. त्याच्या एका शिंकेसरशी पानवाल्याची पानं उडाली ती म्हणे तापीपलीकडे जाऊन पडली. इंद्रसिंग उठला, आडवा उभा राहिला आणि खेचराच्या कानात काहीतरी बोलला. खेचर जागच्या जागी थांबलं, मान खाली घातली आणि नव्या सुनेसारखं त्याच्यामागून तळावर चालत गेलं. तो काय बोलला ते त्यानं जन्मात कोणाला सांगितलं नाही. त्याच्या पाड्यातले लोक म्हणायचे, काही नाही, यानं त्याला बापाचं नाव विचारलं असणार.

ही एकोणीसशे तीन सालची गोष्ट. पाडा म्हणजे कुंडपाडा, तोरणमाळचा चढ लागायच्या अलीकडे, बारा-पंधरा झोपड्यांचा. तिथला पहिला शिपाई इंद्रसिंग. चौदा वर्षांत तो शिपायाचा नाईक झाला, नाईकाचा हवालदार झाला. दर रजेला त्याच्या मिशा बोटभर वाढून यायच्या. शेवटी शेवटी तर डावी मिशी नंदुरबारच्या फलाटावर उतरायची तेव्हा उजवी अजून डब्यातच असायची, असं त्याला बैलगाडीतून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणणारा रनाळ्याचा धुडकू शपथेवर सांगायचा.

"काय हवालदार," धुडकू दर खेपेला विचारायचा, "खांदावर काही दिसत नई अजून?"

"येईल."

"मन्ही गाय बी असंच म्हनी ऱ्हायनी तीन वरीस. वासरू काही येत नई!"

इंद्रसिंग हसायचा, पण ते त्याला लागायचं. हवालदाराच्या वर जमादार. जमादाराच्या खांद्यावर चांदणी असते. चांदणीवाल्याला शिपाई सलाम ठोकतात आणि साहेबाच्या तंबूत त्याला खुर्ची मिळते. इंद्रसिंग चौदा वर्षं उभा होता. त्याला एकदा बसायचं होतं.

सतराच्या हिवाळ्यात ती संधी चालून आली. पलटण समुद्रापार इराकात बसऱ्याला लढाईवर निघायची होती आणि खेचरं हाकायला माणसं कमी पडत होती. पलटणीचा कप्तान उंच, पांढरा, पाय काड्यांसारखे, चालताना मान पुढेमागे करायचा. शिपाई त्याला पाठीमागे बगळासाहेब म्हणायचे. त्यानं इंद्रसिंगला बोलावलं आणि म्हणाला, "तुम्हारे पहाड से बीस आदमी. बीस आदमी, एक सितारा."

मग माघ महिन्यात बगळासाहेब स्वतः घोड्यावर बसून कुंडपाड्यात आला, आणि पुढे इंद्रसिंग, खाकी कपड्यांत, बूट चकचकीत.

इथे पाड्याच्या एका दुखण्याबद्दल सांगायला हवं. कुंडपाड्याभोवती मोहाची एकशे चाळीस झाडं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फाल्गुन-चैत्रात फुलं गळायची, बायका पहाटेपासून वेचायच्या, वाळवून कणग्या भरायच्या, आणि पावसाळ्यात घरात दाणा उरला नाही की तीच फुलं शिजवून खायच्या. पण काही वर्षांपूर्वी जंगलखात्याचे लोक आले. त्यांनी झाडाझाडाची साल तासली, हातोड्यानं छाप उठवला आणि सांगितलं की झाडं आता सरकारची. तेव्हापासून जंगलाचा राखणदार, नाकेदार, यायचा, वेचलेली टोपली पायानं उपडी करायचा किंवा सरळ घेऊन जायचा. बायका छाप मारलेल्या झाडाला हात लावायच्या आणि वर बघायच्या, जणू झाडानंच काहीतरी बोलावं.

पाड्याचा कारभारी रूपसिंग. इंद्रसिंगचा सासरा. गुलाबबाई, म्हणजे इंद्रसिंगची बायको, त्याची लेक आणि बाज्या त्याचा धाकटा मुलगा. मोठ्या मोहाखाली सगळा पाडा गोळा झाला. साहेबासाठी बाज ठेवली. ती कुरकुरली, पण टिकली.

साहेबानं लढाई सांगितली, पगार सांगितला, बूट सांगितले. रूपसिंग ऐकत राहिला. मग म्हणाला, "जवाई, साहेबाला विचार. आमची पोरं गेली तर झाडं परत देईल का? छाप काढून."

इंद्रसिंगनं विचारलं. साहेबानं एकशे चाळीस झाडांकडे एकदाच नजर फिरवली आणि हात हलवून म्हणाला, "हां, हां. लडाई के बाद. सब पेड तुम्हारे."

असं आजवर बरेच जण बोलून गेले होते. रूपसिंगनं चिलीम झटकली. बाज्या सोडला तर एकही गडी जागचा हलला नाही, आणि बाज्या हलला तोही बूट कसे दिसतात ते जवळून बघायला.

तरी आलेला माणूस पाहुणा. गुलाबबाईनं पळसाच्या द्रोणात मोहाची पहिल्या धारेची दारू आणून साहेबाच्या हातात दिली. कुंडपाड्यात प्यायच्या आधी जमिनीवर चार थेंब सांडतात, गेलेल्यांसाठी आणि वाघदेवासाठी. कोणी वचन देत असेल तर ते बोलून झाल्यावर धार टाकतो. बैलाचा सौदा असेल तर चार थेंब, सोयरीक असेल तर ओंजळभर. धार टाकून फिरलेला माणूस त्या डोंगरात कोणी पाहिला नव्हता. होता म्हणतात एक, त्याला पुढे पाणीही कडू लागायचं आणि तो शेवटी ओला दगड चाटून जगला.

साहेबानं द्रोण नाकाशी नेला. त्याचं नाक आधीच तांबडं, ते आता पिकल्या मिरचीसारखं झालं. त्यानं इंद्रसिंगकडे लक्ष नसल्यासारखं केलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि द्रोण बाजेच्या कडेनं मागच्या बाजूला हळूच सगळा उपडा केला. मग रिकामा द्रोण तोंडाला लावून गिळल्याचं सोंग केलं.

इंद्रसिंगनं पाहिलं. साहेबाच्या तोंडावरची किळस पाहिली, सोंगही पाहिलं.

पण बाजेच्या मागे बसलेल्या बायकांनी फक्त जमीन भिजताना पाहिली. तोंडात बोटं गेली. एक म्हातारी ओरडली, "अगं बया, सगळी! सगळी ओतली यानं! एक थेंब ठेवला नाही स्वतःला!"

रूपसिंग उठला. बाजेमागे जाऊन त्यानं भिजल्या मातीला बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं. आजवर सबंध द्रोण कोणी ओतला नव्हता. रूपसिंगच्या आजाच्या आजानं सुद्धा नाही, आणि तो तर वाघाशी सोयरीक करून आला होता.

"जवाई," रूपसिंगनं वळून विचारलं, "तू साहेबाला सांगितलं होतंस का, आपल्यात असं करतात म्हणून?"

सगळा पाडा इंद्रसिंगच्या तोंडाकडे बघत होता. बाज्याही. इंद्रसिंगच्या जिभेवर दोन शब्द होते, 'त्यानं फेकली'. ते बोलायला पापणी लवते तेवढाच वेळ लागला असता. पण त्याच्या डोळ्यांपुढे एक खुर्ची होती, लाकडी, हातांची.

"साहेबाला सगळं कळतं, मामा," तो म्हणाला.

बाज्यानं पहिला हात वर केला. त्याच्यामागे एकोणीस.

नंदुरबारच्या फलाटावर गाडी सुटली तेव्हा रूपसिंग इंद्रसिंगला म्हणाला, "पोरगा तुझ्या ओटीत घातला." मग डब्यात चढलेल्या बाज्याच्या बुटांकडे बघून हसला. बुटांच्या नाड्या त्यानं गळ्यात बांधल्या होत्या. बूट पायात घालायची त्याची तयारी नव्हती. नवे होते.

बसऱ्याच्या गोष्टी इंद्रसिंग पुढे सांगायचा त्या ऐकण्यासारख्या होत्या. तिथल्या नदीत मासे शिजूनच वर यायचे, मीठ तेवढं आपण घालायचं. माश्या इतक्या की शिपायानं 'हजर' म्हणायला तोंड उघडलं तर त्याचं दुपारचं जेवण होऊन जायचं. एका खेचराला उन्हात ठेवलं तर त्याची सावलीच उठून छावणीत निघून गेली. हे सगळं तो सांगायचा. बाज्या तिथल्या अमाऱ्याच्या इस्पितळाच्या तंबूत आठ दिवस तापानं फणफणत होता, ते मात्र सांगायचा नाही. शेवटच्या दिवशी बाज्यानं या मेहुण्याला विचारलं होतं, "भाटवा, आपली झाडं चैत्रात फुलली असतील ना? आता नाकेदार येत नसेल." इंद्रसिंग म्हणाला होता, "नाही येत."

त्याच महिन्यात इंद्रसिंगच्या खांद्यावर चांदणी लागली. साहेबाच्या तंबूत त्याला खुर्चीही मिळाली. तिचा एक पाय आखूड होता.

वीसपैकी चौदा परत आले, आणि पलटणीतून मोकळा होऊन इंद्रसिंगही. रूपसिंग बाज्यासाठी रडला, तसा सगळा पाडा रडला, पण इंद्रसिंगला कोणी बोल लावला नाही. लढाई होती, माणसं मरतात. आणि झाडं येणार होती. एवढी मोठी धार वाया जाणार नव्हती.

चैत्र आला. फुलांचा सडा पडला. नाकेदारही आला आणि गुलाबबाईची टोपली घेऊन गेला.

"कागद अडकला असेल कुठे," रूपसिंग म्हणाला. "साहेबाला काय एकच काम आहे?"

इंद्रसिंग पूर्ण पोशाख करून, छातीवर बिल्ले लावून मोठ्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं बिल्ले मोजले, चांदणी पाहिली, बसायला स्टूल दिलं आणि अर्ज लिहून घेतला. वर्षभरानं उत्तर आलं, की अशा वचनाची कुठेही नोंद नाही. दुसरा अर्ज गेला. तिसरा गेला. दर वर्षी पाडा नाकेदाराला लपून फुलं वेचायचा, आणि दर वर्षी रूपसिंग मोठ्या मोहाखाली बसून नव्या पोरांना सांगायचा, "साहेबानं सगळा द्रोण ओतला होता. मी माती कपाळाला लावली आहे." पोरं त्या जागेवर पाय देत नसत.

इंद्रसिंग त्या जागेकडे बघतही नसे. गुलाबबाईनं एकदा विचारलं, "तू त्या झाडाखाली का बसत नाहीस?"

"मुंग्या आहेत," तो म्हणाला.

चौथ्या वर्षी बातमी आली, की बगळासाहेब आता मोठा हुद्देदार झाला आहे आणि वाघाच्या शिकारीला तोरणमाळवर उतरला आहे. रूपसिंगनं इंद्रसिंगला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. "बघ," तो म्हणाला, "त्याच्या जिवाला लागलं असेल. म्हणून आला."

इंद्रसिंग चढला. तो चढ असा, की बकरी चढताना दोनदा बसते आणि तिसऱ्यांदा मालकाला शिव्या देते. पण इंद्रसिंग एका दमात चढला. तलावाच्या काठी तंबू होते. साहेबानं त्याला ओळखलं, हात हातात घेतला, खुर्ची दिली. चार पायांची, सारखी. त्याला सगळं आठवत होतं. कोणतं खेचर लाथ मारायचं, कोणतं फक्त इंद्रसिंगच्या हातून खायचं, सगळं.

"साहेब, ती झाडं," इंद्रसिंग म्हणाला.

"कौन से पेड?"

इंद्रसिंगनं सांगितलं. माघ महिना, कुंडपाडा, बाज, वीस माणसं. साहेब भुवया जुळवून ऐकत होता. मग हसला. "इंद्रसिंग, भरती के वक्त आदमी बहुत कुछ बोलता है. जंगल मेरा थोडे ही है! मैं फौजी हूं."

"पण साहेब, तुम्ही धार टाकली. त्यावर माणसं आली."

"कैसी धार?"

इंद्रसिंगनं हातानं दाखवलं, द्रोण कसा कलला ते.

साहेबाचं तोंड आधी कोरं राहिलं. मग त्याला आठवलं आणि तो इतका हसला की तलावातली बदकं उडाली. "वो शराब! अरे भगवान, कैसी बू थी!" डोळे पुसून त्यानं इंद्रसिंगकडे नीट पाहिलं. "तो तुमने देखा था. मुझे लगा ही था, कि तुमने देखा. और तुम चुप रहे. उन लोगों के सामने मेरी लाज रखी." त्यानं इंद्रसिंगच्या खांद्यावरच्या चांदणीवर दोन बोटं आपटली. "उसी दिन मैंने तय किया, ये आदमी जमादार बनेगा. बीस आदमी तो कोई भी लाता है."

इंद्रसिंग खुर्चीत बसून होता. बसऱ्यात त्यानं चार रात्री गोळ्यांच्या पावसात खेचरं पाण्यापर्यंत नेली होती. दोनदा जखमी झाला होता. चांदणी त्याची आहे असं तो पाच वर्षं समजत होता. ती त्याला कशासाठी मिळाली ते त्याला आत्ता कळलं.

साहेबानं त्याला निघताना बिस्किटांचा डबा दिला. तो त्यानं उतारावर कुठेतरी ठेवला. तिथली माकडं पुढे वर्षभर इंग्रजीत भांडायची असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी इंद्रसिंगला हसू आलं नाही.

तो खाली आला तेव्हा दुपार कलली होती. मोठ्या मोहाखाली सगळे वाट बघत होते. सगळ्यांना हसू फुटत होतं. जमादार साहेबाला भेटून आला होता. म्हाताऱ्या रूपसिंगनं बाज झटकली. "बस. काय म्हणाला?"

इंद्रसिंग बसला नाही.

"मामा, त्यानं धार टाकली नव्हती. त्याला दारूचा वास आवडला नाही. त्यानं फेकून दिली."

कोणाला कळेना. एक पोरगं हसलं आणि आईनं त्याला गप्प केलं.

"हे त्यानं आता सांगितलं?" रूपसिंगनं विचारलं.

"आता सांगितलं."

"मग तो खोटं बोलतो आहे. आता नाही म्हणायला सोपं. तेव्हा त्यानं ओतली, आम्ही बघितली."

इथे अजून एक वाट होती. साहेब खोटारडा ठरला असता, पाड्यानं त्याला शिव्या घातल्या असत्या, आणि इंद्रसिंग त्याच पाड्याचा जावई राहिला असता. वाट रुंद होती, गाडी जाईल अशी. इंद्रसिंगनं ती बघितली.

"मी त्याचं तोंड पाहिलं होतं, मामा. त्यानं फेकली ते मी पाहिलं."

"कधी?"

"तेव्हाच."

रूपसिंगचे ओठ हलत होते. तो मनात काहीतरी पुढेमागे लावून बघत होता. मग त्यानं फक्त एवढंच विचारलं, "बाज्यानं हात वर करायच्या आधी की नंतर?"

इंद्रसिंगनं खाली बघितलं.

"आधी."

कोणी अंगावर धावून आलं नाही. ते आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एकेक जण उठून गेला, चौदातले जे होते तेही. गुलाबबाई मात्र समोर उभी राहिली. तिच्या हातात फुलांची रिकामी टोपली होती.

"तो तापात होता तेव्हा तरी सांगितलंस का त्याला?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तो तरी ते खोटं न कळता गेला." ती बापाच्या झोपडीकडे गेली आणि त्या दिवसापासून तिचं अंथरूण तिथेच पडलं. इंद्रसिंगला ती 'तू' म्हणायची. आता कोणाशी त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली, तर 'जमादार' म्हणू लागली.

पाड्यानं त्याला हाकलून दिलं नाही. नुसतं त्याला आपल्यात धरायचं सोडून दिलं. लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. त्यानंच मग झोपडी मोडली आणि खिंडीच्या तोंडाशी नेऊन बांधली, जिथून खालची सगळी वाट दिसते आणि नाकेदाराला जिथून आल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुढल्या चैत्रात नाकेदार चढून येताना दिसला तेव्हा खिंडीतून एकाएकी कवायतीचे हुकूम सुटले. "पलटण, सावधान! खेचर नंबर एक, आगे! खेचर नंबर दो, दाहिने घूम!" तिथे ना पलटण ना खेचर. पण आवाज असा, की रनाळ्याच्या शिवारात धुडकूचे बैल औतासकट उजवीकडे वळले. "भो," धुडकू बैलांना म्हणाला, "तुमी कवा भरती व्हयनात?"

नाकेदार दचकून थांबला. चांदणीवाला एक जमादार एकटाच ताठ उभा राहून हवेला हुकूम सोडत होता. चांदणीला पाहून त्याचा हात आपोआप सलामाला गेला. मग त्याला वाटलं, याचं डोकं फिरलं आहे, आणि तो सांभाळून कडेकडेनं गेला. तोवर पाड्यातल्या मोहाखाली एक फूल उरलं नव्हतं, एक बाई उरली नव्हती.

दर चैत्रात असंच. नाकेदार तीन बदलले, पण प्रत्येकाला तो वेडाच वाटला. बायका पहाटे वेचायला यायच्या, आणि वेचताना एक कान खिंडीकडे ठेवायच्या. कोणी त्याच्याविषयी बोलत नसे. वेचलेल्या फुलांतलं एक फूलही कधी त्याच्या दाराशी गेलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही.

पहिला हुकूम कानावर आला की सगळ्यांत आधी टोपली गुलाबबाई उचलायची. खिंडीकडे न बघता. मग बाकीच्यांना हाक द्यायची, "चला गं, आला नाकेदार," आणि बापाच्या झोपडीच्या वाटेला लागायची.